रसवंतीवरचं गिऱ्हाईक

"थांब, घाई नको," आक्का म्हणाली. "ह्याला जरा निवांत बघू दे मला."

ती खिडकीच्या पडद्याआड स्टुलावर बसली होती आणि मी तिच्यामागे उभी राहून तिच्या डोक्याला तेल चोळत होते. भर दुपार होती. खाली आमच्या जिन्यासमोर सिद्रामची रसवंती, तिच्या चरकाची घुंगरं वाजत होती, आणि बाकाच्या टोकाला एक माणूस बसला होता. धुतलेला पांढरा सदरा, पायात नव्या वहाणा, केस पाणी लावून चापून बसवलेले. मी पडद्याच्या फटीतून सहज खाली बघितलं आणि माझे हात आक्काच्या डोक्यावर थांबले.

"चोळ की गं," आक्का म्हणाली.

मी पुन्हा चोळायला लागले. खाली बसलेला माणूस माझा सख्खा भाऊ होता, झुंबर. आणि तो इथे आला होता याचा अर्थ माझ्या पोरीच्या, मैनीच्या जिवाला काहीतरी झालं होतं.

आता आक्काची रीत सांगायला हवी, नाहीतर माझा भाऊ त्या बाकावर कशाला बसला होता ते कळायचं नाही. त्या गल्लीत बाकीच्या घरांतल्या बायका दारात उभ्या राहायच्या आणि येईल त्याला आत घ्यायच्या. आक्का असल्या कारभाराला नाक मुरडायची. तिच्या मानेवर कानापासून गळ्यापर्यंत एक जुना वण होता, आणि तो देणारा माणूस म्हणे फार गोड बोलायचा. तेव्हापासून तिनं ठरवलं होतं की माणूस आधी वरून बघायचा, मगच वर घ्यायचा. नवं गिऱ्हाईक आलं की सिद्राम त्याला बाकावर बसवायचा. "बसा, रस घ्या, बाई बोलावतील." मग मुद्दाम उशीर लावायचा आणि पेला द्यायचा तो दोन बोटं कमी भरून. तेवढ्यावर आक्का माणूस ओळखायची. कमी रसासाठी जो सिद्रामच्या अंगावर धावून जाईल तो वर येऊन बाईच्याही अंगावर जाणार. जो रसाला तोंड न लावता नुसता जिन्याकडे बघत बसेल त्याच्या डोक्यात काहीतरी भलतं आहे. आणि रिकामा पेला जो उठून चरकाजवळ नीट ठेवेल तो बरा. पसंत पडला की आक्का खिडकीच्या गजावर ओला पंचा टाकायची आणि सिद्राम म्हणायचा, "जावा वर." नापसंत असला की ती झडप ओढून घ्यायची. मग सिद्राम सांगायचा, "बाई गावाला गेल्यात." आम्ही तिघी तिच्याकडे होतो, आणि मी तिथे असेपर्यंत आमच्यातल्या कुणाला साधा ओरखडाही उठला नाही. त्याचं श्रेय आक्काचंच, ते मी कधी नाकारलं नाही.

पण पेल्याच्याही आधी तिची एक गोष्ट होती. पारधी नको. एखाद्याला थोडी चढलेली असली तर एक वेळ चालायचं, म्हातारा चालायचा, ट्रकवाला चालायचा, पारधी चालायचा नाही. पारधी म्हणजे चोर आणि पारध्यामागं पोलीस, असं ती म्हणायची. ती एकटीच नव्हे, सगळी गल्ली म्हणायची. ज्या बायकांना गावानं वेशीबाहेर ठेवलं होतं त्यांनाही आपल्या उंबऱ्याबाहेर ठेवायला कुणीतरी लागत होतं. आक्का स्वतः देवीला सोडलेली होती, आणि त्याच देवीच्या देवळात तिच्या आईला पायरीच्या खाली उभं राहावं लागायचं. हे ती सांगायची तेव्हा तिचे डोळे भरून यायचे. डोळे पुसून झाले की म्हणायची, "पारध्याला तेवढं चढू देऊ नको गं."

मी होते पारध्यांतलीच. तिथे माझं नाव शैला पवार. शैला खोटं, पवार खरं. आडनावं आमचीही तीच आणि मराठ्यांचीही तीच, त्यामुळे आडनावावरून कुणी पकडलं जात नाही. माझं खरं नाव सुरमी. नवरा कुणाच्या तरी चोरीपायी कोठडीत गेला, बाहेर आला तो रक्त ओकतच, आणि गेला. चोरी कुणी केली ते पुढे सापडलं, पण तोवर त्याला पुरून झालं होतं. मग मी काय काय केलं आणि त्या गल्लीत कशी आले ते सांगत बसत नाही. मैनीला मी झुंबरच्या पालावर ठेवलं होतं. बाजाराच्या दिवशी एस.टी. स्टँडवर तो भेटायचा, मी पैसे द्यायचे, तो मैनीचं सांगायचा, उंच झालीय, दात पडलाय, शाळेतल्या बाई चांगल्या आहेत. मी कुठे राहते ते त्याला माहीत होतं. त्यानं कधी तोंडानं विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

फक्त एकदा मीच बोलले होते.

"पोरीच्या जिवावर बेतलं तरच यायचं," मी म्हटलं होतं. "आणि भाऊ म्हणून यायचं नाही. नात्याच्या माणसाला गल्लीत कुणी उभं करत नाही, भांडणं होतात. आणि चार वाक्यं बोललास की आपली बोली कळेल."

"मग काय म्हणून येऊ?"

मी स्टँडवरच्या गर्दीकडे बघायला लागले. त्याला समजलं. त्यानं मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"उकिडवा बसू नको," मी सांगितलं. "रसवंतीच्या बाकावर बस. रसवाल्यानं ओंजळीत वरून ओतायची वाट बघू नको, पेला हातात घे, तोंडाला लाव. रस कमी दिला तर बोलू नको. पिऊन झालं की पेला उचलून चरकाजवळ ठेव."

"एवढंच?"

"एवढंच."

आणि आता तो त्या बाकावर बसला होता, मी सांगितलं होतं तस्साच. सिद्रामनं पेला दिला. दोन बोटं कमी. झुंबरनं पेल्याकडे बघितलं, सिद्रामकडे बघितलं आणि गुमान तोंडाला लावला. तो एकेक घोट गिळत होता. काय झालं असेल पोरीला? ताप? साप? मी आक्काच्या डोक्यात बोटं फिरवत होते आणि मनात देवीला म्हणत होते, त्याला वर येऊ दे, बाकी काही मागत नाही.

"बरा दिसतोय," आक्का म्हणाली. "शेताकडचा असणार. गरीब हाय."

झुंबर उठला. पेला चरकाजवळ नेऊन ठेवला, नुसता ठेवला नाही, पालथा घातला. पुन्हा बाकावर जाऊन बसला.

"बघ, बघ," आक्का हसली. "असा माणूस घरात भांडं उचलत असणार. पंचा दे गं इकडं."

मी बादलीतला पंचा पिळला आणि तिच्या हातात दिला. ती गजाकडे हात नेणार, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी फटफटीचा आवाज आला. बीटचा हवालदार रोजच्यासारखा फेरी मारायला आला होता. तो कुणाकडे न बघता रसवंतीसमोरून पुढे गेला. झुंबरही त्याच्याकडे बघत नव्हता, तो समोर बघत होता.

आक्कानं पंचा मांडीवर ठेवला.

"पारधी हाय," ती म्हणाली.

"कशावरून?" मी विचारलं.

"पाय बघितले न्हाईस त्याचे? खाकी बघितली की चोराची नजर फिरती. पारध्याचे पाय फिरत्यात. बसल्या जागी टाचा वळल्या बघ त्याच्या, पळायच्या अंगाला. त्यानं काय केलेलं असू दे, नसू दे. आईच्या पोटातनं शिकून येत्यात." तिनं हात लांब केला आणि झडप ओढून घेतली. खोलीत अंधार झाला.

"आक्का, असू दे की. मी घेते त्याला."

"तू घेशील. घर माझं हाय."

"पेला बघितलात ना कसा ठेवला त्यानं? तुम्हीच म्हणालात गरीब आहे म्हणून."

"गरीब असंल. मी कुठं न्हाई म्हणते?" ती केसांना गाठ मारू लागली. "पारधी हाय म्हणते."

खालून सिद्रामचा आवाज आला. "बाई गावाला गेल्यात."

मग झुंबरचा आवाज, दबका. "थांबतो मी जरा."

"थांबून काय करताय? गावाला गेल्यात म्हटलं की."

"थांबतो."

मी झडपेच्या फटीला डोळा लावला. तो बाकावरून उठला होता पण जागचा हलत नव्हता. वर खिडकीकडे बघत होता. मी आत आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि सांगितलं होतं ते सगळं आपण नीट केलं तरी झडप का लागली हे त्याला कळत नव्हतं. एखाद्या पोरानं पाठ केलेली कविता न चुकता म्हणावी आणि तरी मास्तरांनी हाकलावं, तसं त्याचं तोंड झालं होतं. मग त्यानं जे करायला नको होतं ते केलं. गल्ली ओलांडून तो सरळ आमच्या जिन्याकडे आला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"ए पारध्या!" सिद्राम ओरडला. टाचा त्यानंही बघितल्या असणार.

एवढं पुरलं. पानाच्या टपरीवरचे दोघेतिघे धावत आले. कुणी त्याचा सदरा धरला, कुणी मान. "काय रे, काय बघायला आलायस? घरं हेरतोस?" एकानं कानाखाली दिली तो आवाज मला वरपर्यंत आला. आणि फटफटी परत वळल्याचाही आवाज आला.

"आक्का," मी तिचे पाय धरले. तेलकट हातांनी तिचे पाय धरले. "तो माझा भाऊ आहे. सख्खा भाऊ आहे आक्का."

मला वाटलं होतं ती लाथ मारेल. ती दचकलीसुद्धा नाही. मला तेव्हा ते खटकलं नाही, पुढे खटकलं.

"भाऊ हाय तर हितं कशाला आला?" तिनं विचारलं.

"माझ्या पोरीला काहीतरी झालंय. त्याशिवाय तो यायचा नाही. ते त्याला घेऊन गेले तर मला कळणार कसं? आक्का, माझी पोरगी कुठंतरी मरत असेल आणि ज्याला ठाऊक आहे त्याला कोठडीत घालतील. माझा नवरा तसाच गेला."

"पोरगी?" आक्का म्हणाली. "तुला पोरगी हाय?"

"आहे. सातवं सरलंय तिला."

"हे बोलली न्हाईस कधी." ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, पदर कमरेला खोचला आणि कपाळावर तेलाचे ओघळ तसेच घेऊन जिना उतरू लागली. मी तिच्यामागे गेले. इतर दोघीही उठून जिन्यावर आल्या होत्या.

खाली हवालदारानं झुंबरची कॉलर धरली होती. नव्या वहाणांतली एक कुठेतरी उडाली होती.

"रेकी करायला आला होता हा," हवालदार म्हणाला. "बस गाडीवर. बघू आणखी काय काय निघतंय."

"सोडा हो सायेब," आक्का म्हणाली. "माझं गिऱ्हाईक हाय त्ये."

सिद्रामनं चरक थांबवला.

"तुझं?" हवालदार हसला. "आक्का, तू पारध्याला पायरी चढू देत नाहीस हे सगळ्या बाजाराला माहीत आहे."

"धंदा बसलाय सायेब. किती दिस निवडत बसू?"

"मग झडप का लावलीस?"

"ऊन लागत हुतं."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. हवालदार काही दूधखुळा नव्हता. त्यानं झुंबरला पुढे ओढलं आणि आमच्याकडे तोंड करून उभं केलं. जिन्याच्या तीन पायऱ्यांवर आम्ही तिघी उभ्या होतो, मी मधल्या पायरीवर.

"गिऱ्हाईक आहेस ना? मग सांग, कुणाकडं आलायस?"

झुंबरनं तोंड उघडलं नाही. मी त्याला सांगून ठेवलं होतं की बोलू नको, बोली कळेल. पण त्यामुळे तो गप्प होता असं मला वाटत नाही.

"नाव माहीत नाही? बरं, बोटानं दाखव. दाखव, नाहीतर चल."

माझा भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. तो माझ्या पायांकडे बघत होता. लहानपणी आम्ही दोघं तितर धरायला जायचो, तेव्हा फास लावताना त्याचा हात कधी हलायचा नाही, मोठी माणसं त्याचं कौतुक करायची. तो हात आता वर येता येता दोनदा खाली गेला. मला ओरडावंसं वाटत होतं, हा माझा भाऊ आहे रे, ह्याला सोडा. पण ओरडले असते तर भाऊ गिऱ्हाईक होऊन बहिणीच्या दारात कसा बसला हे सगळ्या गल्लीनं त्याला विचारलं असतं, आणि हवालदारानं मलाही गाडीवर घातलं असतं. मैनीकडे मग कुणीच गेलं नसतं.

झुंबरनं हात वर केला आणि बोट माझ्याकडे केलं.

"अरे वा," हवालदार म्हणाला. "पसंती चांगली आहे. ने गं याला वर." आणि तो बाकावर बसला. "सिद्राम, एक मोठा गिलास दे. भरून दे."

मी वळले आणि जिना चढू लागले. माझ्यामागे झुंबरची पावलं वाजत होती, एक वहाणेचं, एक अनवाणी. खोलीत आल्यावर मी दार लावलं. तो दाराशीच खाली बसला, भिंतीकडे तोंड करून. माझ्या खोलीत एक खाट होती, एक आरसा होता, त्यानं कशाकडेच बघितलं नाही.

"मैनी?" मी विचारलं. आता आम्ही आमच्या बोलीत बोलत होतो, कितीतरी वर्षांनी बंद दाराआड.

"उसाच्या ट्रॉलीला लोंबकळली. पोरं ऊस ओढतात तशी. पडली. पायावरून चाक गेलं."

"जिवंत आहे?"

"हितंच आणलीय, मोठ्या दवाखान्यात. तुझी वहिनी बसलीय तिच्याजवळ. काल आणली. पाय काळा पडलाय. कापायचा म्हणतात, संध्याकाळच्या आत. नाही कापला तर पोरगी जाईल म्हणतात."

"मग कापा म्हणायचं! कशाला थांबलात?"

"कागदावर अंगठा पाहिजे. मी म्हटलं माझा घ्या. मामा चालत नाही म्हणाले. पारध्याचं काय, पोर कुणाचं अन् आणलं कुणी, उद्या आमच्या अंगावर येईल म्हणाले. आई आण नाहीतर बाप आण." त्यानं भिंतीला डोकं टेकलं. "बाप कुठून आणू?"

मी उठले. दवाखाना स्टँडच्या पलीकडे होता, रिक्षानं गेलं तर पान लावून होईपर्यंत पोचलो असतो. मी दार उघडलं तर बाहेर आक्का उभी होती. सगळं ऐकत होती, समजत काहीच नव्हतं.

"कुठं निघालीस?" ती कुजबुजली. "तो बसलाय खाली. जिन्याकडं बघत बसलाय."

"पोरीचा पाय कापायचाय आक्का. मी नाही गेले तर ती मरेल."

"आता उतरलीस तर तो दोघांना बी धरंल. गेल्या गेल्या परत येतंय व्हय कुठलं गिऱ्हाईक? बस आत. त्याचा रस संपू दे."

"मागच्या दारानं जाते."

"मागलं दार कडंच्या बोळात हाय, त्याच्या बाकावरनं दिसतंय. बस म्हटलं ना." तिनं मला आत ढकललं आणि दार ओढून घेतलं. मग तिच्या खोलीतला रेडिओ मोठा झाला. कुणीतरी बाई हसत हसत शेवग्याच्या शेंगांची आमटी कशी करायची ते सांगत होती.

त्या खोलीत मी हजार वेळा वाट बघितली होती, वेळ लवकर सरावा म्हणून छताच्या पत्र्यावरच्या भेगा मोजल्या होत्या. पण त्या दुपारसारखी दुपार मी पुन्हा काढू शकणार नाही. स्टँडपलीकडच्या दवाखान्यात माझी पोरगी काळा पडलेला पाय घेऊन पडली होती, आणि मी खाटेवर बसून हवालदाराचा रस संपायची वाट बघत होते. मी स्वतःचे हात चावले. झुंबरनं ते बघितलं नाही, त्यानं मान वळवलीच नाही. रेडिओवरच्या बाईनं आमटीला फोडणी दिली, मग गूळ किती घालायचा ते सांगितलं.

"सुरमी," बऱ्याच वेळानं तो म्हणाला.

"काय?"

"मी पेला नीट ठेवला होता."

"बघितलं मी."

"तू सांगितलंस तसंच केलं सगळं. उकिडवा बसलो नाही. बोललो नाही. मग कशावरून ओळखलं त्यांनी?"

मला सांगता आलं असतं. पण सांगून काय केलं असतं त्यानं? पाय काढून ठेवले असते?

"तुझं काही चुकलं नाही," मी म्हटलं.

खाली फटफटी सुरू झाली. ती गल्लीच्या बाहेर जाईपर्यंत आक्कानं दार उघडलं नाही. उघडलं तेव्हा तिच्या हातात माझं बोचकं होतं, दोरीवरच्या साड्या, चादर, तिच्या खिडकीत राहिलेला माझा फणीचा डबासुद्धा. तिनं ते मला विचारायच्या आधीच बांधून ठेवलं होतं. झुंबर खाली मान घालून तिच्या शेजारून मागच्या जिन्यानं उतरला. मी निघाले तर तिनं माझा दंड धरला.

"परत येऊ नको," ती म्हणाली. "आता गल्लीनं बघितलंय, तू पारध्याला वर घेतलंस. सिद्राम पोटात ठेवणार न्हाई. उद्या तुझ्यापायी ह्या दोघींवर बी येईल."

"आक्का, तुम्ही दचकला नाहीत," मी म्हटलं. "मी सांगितलं तेव्हा."

"कशाला दचकू? तू आलीस त्याच दिशी हवालदार आला हुता. तू पाणी भरत हुतीस. तुझे पाय बघितले मी."

इतकी वर्षं मी तिच्यासमोर बोली गिळून बसले होते, झोपेत बोलू नये म्हणून तोंडात पदर धरून झोपत होते.

"मग मला ठेवून कसं घेतलं?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय.

"बाई चालती की," ती म्हणाली. "बाई कुठली बी चालती. बाप्याचं बघावं लागतं."

तिनं ते दुष्टपणानं म्हटलं नाही. पाणी गरम आहे किंवा भात झाला हे जसं सांगावं तसं सांगितलं. वर माझ्या हातात रिक्षाचे पैसे कोंबले आणि "जा, पळ, पोरीकडं जा" म्हणून मला जिन्याकडे लोटलं. त्या बाईला शिव्या द्याव्यात की तिच्या पाया पडावं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. कधी एक करते, कधी दुसरं.

रिक्षात झुंबर माझ्याजवळ बसला नाही. पुढे ड्रायव्हरशेजारी एका कुल्ल्यावर बसला. स्टँडजवळ गाडी अडकली तेव्हा मागे न बघता म्हणाला, "दुसरीकडं करायला पाहिजे होतं बोट. आणखी दोघी होत्या."

"झुंबर, तू माझ्याकडं आला होतास. माझ्याकडं केलंस."

"दुसरीकडं करायला पाहिजे होतं," तो पुन्हा म्हणाला.

दवाखान्यात मला विचारलं, आई तूच कशावरून? मैनीनं डोळे उघडले आणि मला हाक मारली, तेवढं त्यांना पुरलं. मी अंगठा दिला. दिवेलागणीला तिला आत नेलं. गुडघ्याखाली पाय गेला आणि पोरगी राहिली. गल्लीत मी परत गेले नाही. झुंबरच्या पालाशेजारी पाल टाकलं, उसाच्या तोडीला गेले, पुढे चार भिंतीही झाल्या. तो मला भाकरी द्यायचा, माझ्या पोरीला पाठीवर बसवून शाळेत न्यायचा, तिच्या लग्नात त्यानंच सगळं केलं. पण त्या दिवसानंतर तो माझ्याजवळ एकटा कधी बसला नाही. मी आत आले की काहीतरी काम काढून बाहेर जायचा.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा ध्यानात आली. मैनीनंच ती दाखवली. आता तिचा पाय लाकडाचा आहे, ती शिवणाचं मशीन चालवते आणि तिचं पोर अंगणभर फिरतं. मागच्या महिन्यात रस्त्यावरून जाणाऱ्या एका मोटारवाल्यानं झुंबरला साखर कारखान्याची वाट विचारली. झुंबरनं हनुवटी वर करून वाट दाखवली. मोटारवाल्याला कळेना, त्यानं पुन्हा विचारलं, तर झुंबरनं पुन्हा हनुवटीच वर केली.

"मामाला बोटं नाहीत काय?" मैनी हसत मला म्हणाली. "मी लहान होते तेव्हापासून बघतेय. चंद्र दाखवायचा तोसुद्धा असाच. कधी बोट करत नाही कशाकडं."

तिला मी ते सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.

तेवढ्यात तिचं पोर आलं. झाडावर कावळा बसला होता, तो त्याला मला दाखवायचा होता. त्यानं दोन्ही हात मागे घेतले आणि झुंबरसारखी हनुवटी वर केली. मैनी खो खो हसली. दारात पाठमोरा बसलेला झुंबर हसला नाही. मी पोराला मांडीवर ओढलं, त्याचं इवलंसं बोट सरळ केलं आणि कावळ्याकडे धरलं.

"असं दाखवायचं रे बाळा, बोटानं," मी मोठ्यानं म्हटलं, दारापर्यंत ऐकू जाईल असं. "बोटानं दाखवलं तर काही होत नाही."

झुंबरनं ऐकलं असणार. तो उठला आणि वहाणा घालून बाहेर गेला.